खूण नसलेली मेंढी

मालनताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख द्याल का, असे विचारणारा फोन आला तेव्हा मी आधी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग होकार दिला. गेल्या पावसाळ्यात मिरजेच्या रुग्णालयाबाहेर आम्ही मंडळी बसून होतो, तेव्हा ताईंवर आपल्याला लिहावे लागणार हे दिसत होते. पण ते लिहिणे वेगळ्या कारणाने असेल अशी धास्ती होती. ते टळले. ताई आज आटपाडीत आपल्या घरी आहेत, हिंडताहेत, फिरताहेत आणि हा ग्रंथ काढल्याबद्दल संपादकांची खरडपट्टी काढताहेत. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी निभावून नेली. खरा पेच पडला तो त्यानंतर. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दारोदार मागत फिरलेल्या ताई स्वतःसाठी मात्र कोणाकडून काही घ्यायला तयार नव्हत्या. तो पेच कसा सुटला हे सांगायचे तर मला एका मेंढीपासून सुरुवात करावी लागेल.

ताईंची आणि माझी ओळख झाली ती साताऱ्याला, कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी. मी नुकताच वकिलीला लागलो होतो. आमचे घर इस्लामपूरजवळचे, उसाच्या शेतीचे. वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. घरातल्या मुलाने एक तर ऊस लावावा, नाही तर भरती व्हावे. मी तिसरेच काही केले म्हणून घरात नाराजी होती. त्या दिवशी एका अशिलाच्या कामासाठी कचेरीत चाललो होतो. फाटकाबाहेर जावळीतल्या मेढ्याकडची माणसे मांडव घालून ठिय्या देऊन बसली होती. त्यांची गावे धरणात गेली होती आणि बदल्यात कबूल झालेली जमीन काही मिळत नव्हती. मांडवाच्या खांबाला एक मेंढी बांधलेली, आणि तिच्याजवळ तांबड्या पटक्याचे एक गृहस्थ बसलेले. मी जाता जाता सहज म्हणालो, "आज मटणाचा बेत दिसतोय."

"हिचं मटान न्हाई व्हायचं, सायेब," ते म्हणाले. "हिची एष्टीची तिकिटं व्हायची हायत."

हे धुळाबापू, आटपाडीकडचे मेंढपाळ. मला काही उमगेना. तेवढ्यात मांडवातून आवाज आला, "वकील दिसता. मग उन्हात काय उभे राहिलात? इकडे सावलीत या आणि हा अर्ज वाचून सांगा, यात काही राहिलंय का." त्या ताई. आवाज शाळेतला होता. मी मुकाट्याने आत जाऊन बसलो. माझ्या अशिलाचे काम त्या दिवशी झाले नाही, आणि ते अशीलही मला पुन्हा कधी भेटले नाहीत.

ताई तेव्हा आटपाडीला शिक्षिका होत्या. पुढे मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. जन्म मेंढपाळाच्या घरचा. पाऊसकाळ सरला की तिकडचे कळप चाऱ्यासाठी पश्चिमेची वाट धरतात आणि जावळीच्या डोंगरापर्यंत जातात. डोंगरातले शेतकरी ही मेंढरे आपल्या रानात बसवून घेतात. रानाला खत मिळते, मेंढपाळाच्या घरी धान्य जाते. लहानपणी ताई याच वाटेने कळपामागे चालल्या होत्या. त्यामुळे ती गावे धरणात गेल्याचे कळले तेव्हा त्यांना ती बातमी परक्याची वाटली नाही. त्यांनी आटपाडीकडच्या मेंढपाळांना एकत्र बोलावले आणि विचारले, "ज्यांच्या विहिरीचं पाणी आपण प्यायलो, ती माणसं आज उघड्यावर बसलीत. आपण काय देणार?"

रोकड कोणाकडेच नव्हती. मग ठरले ते असे: प्रत्येक कळपात एक मेंढी लढ्याची. ती चारायची कळपवाल्याने. तिची लोकर आणि तिची कोकरे लढ्याला. त्यातून मांडवातली चूल पेटे, माणसे एसटीने साताऱ्याला येत-जात, कोर्टाचा खर्च निघे. देणगी, निधी, हितचिंतक हे शब्द तिथे कोणाच्या तोंडी नव्हते. सगळे "बाईंची मेंढी" एवढेच म्हणत. आज त्या डोंगरातली बहुतेक कुटुंबे मिळालेल्या जमिनीत पीक घेतात. पुढे शेतमजूर बायकांच्या मजुरीचा लढा झाला, कालव्याच्या पाण्यात भूमिहीनांचा वाटा मागणारा लढा झाला. त्यांच्याही मागे हीच मेंढी उभी राहिली.

आता माझ्यातल्या वकिलाची तक्रार. या मेंढीला खूण नाही. कळपातली लढ्याची मेंढी नेमकी कोणती, हे कोणी सांगू शकत नाही. मी पहिल्याच वर्षी ताईंना सुचवले होते की कान कातरून खूण करा, म्हणजे पुढे वाद नको. ताई हसल्या.

"वकीलसाहेब, खूण केली की पहिली तीच मरते. लांडगासुद्धा नेमका तिलाच उचलतो."

"म्हणजे तुमचा या माणसांवर विश्वास नाही?"

"आहे म्हणून तर खूण करत नाही. अडचणीच्या दिवसात माणसाला मोह होतो. मी तशी वेळच येऊ देत नाही. कळपात एक जरी मेंढी असली तरी त्यात आपली एक आहे. संपलं."

वकील म्हणून मला हे तेव्हा पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

ताईंचे माझ्यावर व्यक्तिगत उपकार आहेत ते वेगळेच. माझी वकिली चालली ती फी न देणाऱ्या अशिलांवर. वडिलांनी बोलणे टाकले. हे कळल्यावर ताई न बोलावता आमच्या घरी आल्या आणि ओसरीवर वडिलांच्या समोर बसल्या. वडील फौजी माणूस, आडपडदा नाही. म्हणाले, "बाई, तुमी आमचं पोरगं नासवलंत."

"व्हय," ताई म्हणाल्या. "आता नासलंच आहे, तर निदान कामाला येऊ द्या. ते राहू दे. ऊस तुटल्यावर शेंड्याकडच्या वाड्याचं काय करता?"

"जनावरास्नी घालतो. उरल्यालं जाळतो."

"जाळू नका. आमचे कळप इकडूनच जातात."

त्या हंगामापासून आटपाडीचे कळप आमच्या रानात मुक्कामाला थांबू लागले. त्यांना उसाचे वाडे मिळाले, आमच्या रानाला खत मिळाले. वडील शेजाऱ्यांना सांगत, "वकिलाच्या नादानं का हुईना, ऊस लय जोमात हाय." माझ्याशीही ते बोलू लागले. विषय बहुधा उसाचाच असे, पण बोलत होते, आणि मला तेवढे पुष्कळ होते.

ताईंचे मोठेपण मी ज्या दिवशी डोळ्यांनी पाहिले, तो दिवस याच्याही बराच नंतरचा. त्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला. धुळाबापूंचा कळप मेढ्याच्या खाली एका उघड्या रानात होता. पाऊस, वारा आणि थंडी यात कळप गारठला. मी पंचनाम्यासाठी गेलो तेव्हा मेंढरे एकमेकांना बिलगून तशीच मरून पडलेली होती. एकच वाचली होती. बापूंच्या पत्नी जनाक्कांनी तिला ओढून आपल्या घोंगड्याखाली घेतले होते. सरकारी भरपाईचे कागद मी केले, पण ती यायची तेव्हा येणार होती.

काही दिवसांनी त्याच कागदांसाठी मी आटपाडीला ताईंच्या घरी बसलो होतो. दारात टेम्पो थांबला. धुळाबापू उतरले, त्यांच्यामागून जनाक्का, आणि दोरीला ती मेंढी.

"बाई, ही तुमची," बापू म्हणाले.

"कशावरून?"

"एकच ऱ्हायली. नेम तुमीच केलाय न्हवं, कळपात एक तरी बाईंची. आता कळपात एकच हाय. म्हंजी हीच ती."

मी मनातल्या मनात दुसरी बाजू मांडून पाहिली. जमली नाही. नेम ताईंचा होता आणि बापू तो पाळत होते. मेंढी ठेवून घेतली तर हे नवरा-बायको उद्या कोणाच्या तरी उसाच्या तोडणीला जाणार, हे दिसत होते. आणि मदत देऊ केली तर बापू ती घेणार नाहीत, हेही दिसत होते. इतकी वर्षे त्यांनी दिले होते. घ्यायची त्यांना सवय नव्हती. जनाक्का खाली बघत उभ्या होत्या. 

ताई उठल्या. परड्यात गेल्या, हिरव्या मक्याची पेंढी आणली आणि मेंढीपुढे टाकली. मेंढीने हुंगले आणि तोंड फिरवले.

"कवापासनं खात नाही ही?"

"एकली झाल्यापासनं," जनाक्का हळूच म्हणाल्या. "एकलं मेंढरू चारा खात न्हाई, बाई. तुमाला ठावं हाय की."

ताईंचा आवाज एकदम चढला. वर्गात चढत असेल तसा. "मग माझी मेंढी उपाशी मारताय व्हय, बापू? ती चारायचं काम तुमचं. भुकेली ठेवून मला परत आणून देता? अशी मी घेणार नाही. घेऊन जावा. हिला सोबत लागेल, ती मी पाठवते."

 ताईंनी तिथेच फोन लावायला सुरुवात केली. कळप ठिकठिकाणी पांगलेले होते, पण निरोप सगळीकडे एकच गेला: बाईंची मेंढी एकटी पडलीय, सोबत धाडा. आणि सोबत आली. पुढचे काही दिवस बापूंच्या दारात टेम्पो येत राहिले. कोणी गाभण मेंढी आणली, कोणी पाठीशी कोकरू असलेली. बापू हात जोडायला गेले तर एक मेंढपाळ त्यांच्यावरच खेकसले, "तू कशाला हात जोडतूस रं? तुझ्यासाठी न्हाई आणली. बाईंच्या मेंढीला आणलीया."

मी तिथे उभा होतो. चौथी-पाचवी मेंढी आत आली तशी ती एकली मेंढी त्यांच्यात घुसली आणि तिने कडब्याला तोंड लावले. जनाक्का मटकन खाली बसल्या आणि रडल्या. बापूंनी पटका काढून तोंड पुसले. त्या घराचा जीव भांड्यात पडला तो त्या क्षणी. कोणत्याच मेंढीला खूण नव्हती, त्यामुळे कोणती कोणी दिली हे दिवस मावळायच्या आत कोणालाच सांगता येईना. कान कातरण्याबद्दलचे माझे मत मी अजूनही मागे घेतलेले नाही. फक्त ते प्रकरण चालवायचे सोडून दिले आहे.

आता गेल्या पावसाळ्याकडे येतो. मिरजेहून ताईंना घरी आणले. डॉक्टरांनी बजावले होते की यांना एकटे ठेवू नका. ताई तर वर्षानुवर्षे एकट्याच राहत आलेल्या. कोणी बाई कामाला ठेवतो म्हटले, तर नको. माझ्या घरी चला म्हटले, तर नको. शेजारून डबा आला तर तो जसाच्या तसा परत. "मला कोणाची गरज नाही," एवढेच उत्तर. ताई दिवसेंदिवस उतरत चालल्या आणि आम्ही सगळे हात चोळत बसलो. माझ्या सगळ्या युक्तिवादांना त्यांनी मुख्याध्यापिकेच्या नजरेने गप्प केले. खरे सांगतो, रुग्णालयाबाहेर वाटली नव्हती इतकी भीती मला त्या दिवसांत वाटली.

एका दुपारी मी तिथे असतानाच धुळाबापू आणि जनाक्का आले. बापू आता वाकले आहेत, पण पटका तोच. ताईंच्या समोर मी वाढलेले ताट तसेच होते.

"भूक नाही," विचारायच्या आधीच ताई म्हणाल्या.

बापू जरा घुटमळले. मग म्हणाले, "आवं बाई, रागावू नगासा. पर आमची बाई उपाशी मारताय व्हय तुमी?"

 मग ताई हसू लागल्या. पोटाला टाके असल्यामुळे हसणे त्यांना झेपत नव्हते, तरी हसत राहिल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. आपलेच बोलणे असे परत येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. तोवर जनाक्कांनी आपल्या फडक्यातली भाकरी सोडली होती आणि त्या ताईंच्या ताटाशेजारी मांडी घालून बसल्याही होत्या. त्यांनी घास घेतला. मग ताईंनी घेतला. बापू बाहेर ओसरीवर गेले. मीही गेलो, कारण मला माझे तोंड ताईंना दाखवायचे नव्हते.

तेव्हापासून ताईंच्या घरी पाळी चालू आहे. आज या कळपाच्या घरचे, उद्या त्या कळपाच्या घरचे कोणी तरी जेवायला येते. मेढ्याकडची माणसेही येतात. मिळालेल्या जमिनीतला तांदूळ घेऊन येतात आणि स्वतः रांधून ताईंबरोबर जेवून जातात. मदत करतो असे कोणी म्हणत नाही. सोबतीला आलो म्हणतात. ताईंची तब्येत सुधारली, वजन वाढले, आणि आवाज तर पहिल्यासारखाच झाला आहे.

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. यात आमचा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. अजून कितीतरी मांडव घालायचे आहेत, आणि रस्त्याने चाललेल्या वकिलाला उन्हातून सावलीत बोलावणारे कोणी तरी तिथे लागणारच आहे. तुमची माणसे किती आणि कोणती, असे या ग्रंथाचे संपादक मला विचारत होते. मी सांगितले की खूण कोणालाच नाही.

येत्या रविवारची पाळी माझी आहे. ताटे दोन मांडा.