चार गोल पॅच

काल मुलाच्या सायकलचं पंचर काढायला सोल्युशनची ट्यूब उघडली आणि त्या वासासरशी मी थेट गोंदियाच्या कॉलेजच्या मैदानावर जाऊन पोचलो.

तिथं रिमोटवर पळणाऱ्या छोट्या ट्रकांची शर्यत होती. माझ्या ट्रकला कुणीतरी वापरून टाकलेली, टायरं चिकटवलेली चाकं मिळाली होती. दवनीवाड्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माझ्या बाबांनी ती चाकं उकळत्या पाण्यात टाकून टायरं सोडवली, जुना गोंद खरवडला, ती नव्यानं रिमवर चिकटवली आणि सुकेपर्यंत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून ठेवली. अशा टायरांना आतली हवा ये-जा करावी म्हणून मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. बाबांना ते पंचर वाटलं. चारही छिद्रांवर त्यांनी इतके सुबक गोल पॅच लावले, की माझ्यानं काही बोलवलं नाही.

मैदानावर ते पॅच पाहून मित्र हसत सुटले. "किस पंचरवाले से बनवाया रे?"

शर्यत बघायच्या हौसेनं आलेले बाबा ट्रकचं रिकामं खोकं घेऊन माझ्या मागंच उभे होते. मित्र त्यांना ओळखत नव्हते. मीही हसलो.

"आहे गावातला एक. त्याले काय समजते?"

बाबांनी खोकं काखेत धरलं, काळी बोटं पाठीमागं नेली आणि मित्रांकडे बघून म्हणाले, "बराबर आहे बाबू. सांगतो मी त्याले."

आज सगळ्यात जास्त लाज याची वाटते, की ते ऐकून मला हायसं वाटलं होतं.