जानराव मास्तर आणि जगाचा नकाशा

जानराव मास्तर कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचं गाव विचारत. कंदिलाची काच असो नाहीतर पावशेर खजूर, दुकानदारानं गाव सांगितलं की मास्तर डोळे बारीक करत. "तिथं रेती कुठची? मंग काच कायची बनवतेत, मातीची?" तेल्हाऱ्याच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी मराठी. माझ्या नव्या पेनाचीही त्यांनी अशीच उलटतपासणी घेतली होती. पेन मुंबईचं आहे हे शेवटपर्यंत त्यांना पटलं नाही.

वर्गात ते म्हणत, "पोट्टेहो, काळी माती हाय म्हनून कापूस. कापूस हाय म्हनून आगगाडी. अन् ते आगगाडी आपल्यासाठी आनली असं कोनी सांगतलं, तर त्या मानसावर नजर ठेवा."

छप्पन साली सुवेझचा कालवा बंद पडला, तेव्हा मास्तरांची विधवा बहीण सखूबाई बैलबंडीभर कापूस घेऊन अकोल्याला निघाली होती. त्यातून तिला गळक्या घरावर टिनं टाकायची होती. कापूस घेणारा अडत्या कालव्याचं निमित्त काढून भाव पाडणार, हे मास्तरांनी आधीच ताडलं. शाळेतला जगाचा नकाशा त्यांनी काखेत मारला आणि मलाही सोबत ओढलं.

झालंही तसंच. अडत्या म्हणाला, "सुवेझ बंद हाय मास्तर, भाव उतरला."

मास्तरांनी नकाशा कापसावर पसरला. एक टोक मी धरलं. "शेटजी, तुमच्या गाठी जातेत कुठं?"

"जपानले."

"जपान इकडं उगवतीले. कालवा तिकडं मावळतीले. मंग तो मधात कुठून आला?"

भोवतीचे बंडीवाले खदखदून हसले. अडत्या मात्र शांत होता. "बरोबर हाय तुमचं. पन जहाजं त्येच. विलायतेहून आफ्रिकेले वळसा घालून मुंबईले येतीन, त्याले पंधरा-वीस दिवस जास्त लागतीन. तवरिक जपानचा माल काहात भरू?"

मास्तरांचं बोट आफ्रिकेभोवती हळूहळू फिरलं. मुंबईशी येऊन थांबलं. त्या माणसाचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्या भूगोलापुढे मास्तर नेहमीच नमत. "सखू, देऊन टाक," ते म्हणाले.

परतताना चहाला थांबलो, तिथे ओळखीचा एक बंडीवाला भेटला. त्याने शेजारच्याच अडतीत कापूस घातला होता, तोही कालच्याच भावाने. तिथे कालव्याचं नावही निघालं नव्हतं.

मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"पन त्याचं बोलनं खोटं नव्हतं," ते पुटपुटले.

"नव्हतंच, दादा," सखूबाई म्हणाली. "तू त्याले साऱ्या जगाचं इचारलं. बाजूच्या दुकानाचं इचारलंच नाई."