चांगला टायर पुढं की मागं? केळापूरच्या वाटेवरचे दोन दिवस

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल. तेव्हा मी केळापूरच्या जगदंबेला बोलले होते: आई, कापाकापी टळली तर नवरात्रात तुझ्या दारी स्वतःच्या पायानं येईन, कोणाच्या गाडीवर बसणार नाही. डॉक्टरांनीच सायकल चालवायला सांगितली. लेक प्रणाली नर्सिंगला नागपूरला गेली, तेव्हापासून तिची गिअरची डोंगरी सायकल छपरीत पडून होती. ती मी वर्षभर शेतात नेली-आणली आणि ऑपरेशन टळलं. आता बोललेलं फेडायचं होतं.

आमचं गाव मुकुटबनजवळ. तिथून आधी सहा-सात किलोमीटर पांदण, म्हणजे शेतांमधली बैलगाडीची काळ्या मातीची वाट, आणि पुढे तीसेक किलोमीटर डांबर. सायकलचे दोन्ही टायर घासून गुळगुळीत झालेले. माझा गोंधळ इथूनच सुरू झाला.

मुकुटबनला रशीदभाईंच्या दुकानात तीन तऱ्हेचे टायर निघाले. एक अगदी साधा, रस्त्याचा. दुसरा मोठमोठ्या गाठींचा. तिसऱ्याला मधोमध सपाट पट्टी आणि कडेला गाठी.

"भाभी, डांबर पे पट्टी चलेगी, मिट्टी में गाठी पकडेगी. तुमच्यासाठी हाच," रशीदभाई तिसरा थोपटत म्हणाले.

तसा एकच शिल्लक होता, साडेसहाशेचा. दोनाचे पैसे मी नेलेही नव्हते.

"एकच हाय तर पुढं लावा. पुढचा घसरला की माणूस पडते, मागचा घसरला तर सावरते," रशीदभाईंनीच सांगितलं.

सोबत आलेले आमचे हे लगेच म्हणाले, "कायले पुढं? वजन तर सारं मागं असते. मोटरसायकललेही नवीन टायर आपण मागंच टाकतो."

प्रणालीला फोन लावला, तर ती म्हणाली, "आई, पुढं. आणि पांदणीत हवा कमी ठेव, डांबरावर भर." हवा कमी केली तर पंक्चर नाही का होणार? बाभळीचे काटे काय कमी आहेत? तिघांचंही मला पटत होतं. शेवटी यांचं ऐकलं आणि नवीन टायर मागं बसवला. हवा मात्र लेकीच्या सांगण्यावरून थोडी कमी ठेवली.

सातव्या माळेला पहाटे आरती करून निघाले. नवरात्रात मी चप्पल घालत नाही, म्हणून टोचू नये यासाठी पायडलवर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती. पिशवीत केळी, साबुदाण्याची उसळ, देवीची खण-ओटी आणि हातपंप.

आदल्या दिवशी पावसाचा शिरवा येऊन गेलेला. पहिला किलोमीटर बरा गेला. मग वळणावर पुढचं चाक असं सरकलं की मी कपाशीत आडवी! ओटीचा नारळ तेवढा धरून ठेवला. उठून पुन्हा बसले, तर आता मागचं चाक फिरेना. नव्या टायरच्या गाठींत काळी माती भरून भरून ब्रेकपाशी गच्च झाली होती. पुढच्या गुळगुळीत टायरला मात्र माती नावालाच. म्हणजे जो घसरला तो साफ, आणि जो धरणारा तोच अडला. मला काहीच कळेना.

सायकल ढकलली, थोडी उचलली. तेवढ्यात यांचा फोन.

"कुठी पोचली?"

"चिखलात."

"मोटरसायकल घेऊन येऊ का?"

गुडघा दुखत नव्हता, पण दम गेला होता. हो म्हटलं असतं तर अर्ध्या तासात घरी. आणि वर्षभराचं बोलणं वाया.

बाजूला सोयाबीन कापणाऱ्या बाया हे सगळं पाहून राहिल्या होत्या. एक म्हातारी ओरडली, "काहून वो बाई, सायकल तुले नेऊन राह्यली का तू सायकलले?"

साऱ्या हसल्या. मलाही हसू आलं. फोनमध्ये म्हटलं, "नका येऊ."

म्हातारी विळा घेऊन आली आणि चाकातली माती खरवडून दिली. "वाटेनं नको जाऊ. धुऱ्यावरून ने, गवत हाय तिथी." दोन शेतांमधल्या त्या बांधावरून मी सायकल हातात धरून पांदण संपेपर्यंत चालले. अनवाणी पायाला कुठं घट्ट, कुठं मऊ, ते बरोबर कळत होतं. टायरला का कळू नये?

डांबर लागताच हवा भरली. पुढं एका पंक्चरच्या दुकानात चाळीस रुपये देऊन नवीन टायर पुढं घेतला. दुकानदार म्हणाला, "हे आधीच करायला पाहिजे होतं, काकू." आता सगळ्यांनाच माहीत होतं! डांबरावर सायकल पाण्यासारखी गेली, हायवेवर मात्र ट्रकांमुळे कडेनं जपून. तिसऱ्या प्रहरी केळापूर.

ओटी भरली आणि पुजाऱ्यांना मनातली शंका विचारली, "बाबा, पायानं येईन बोलले होते. सायकलवर आले. चालते का?"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत काळी माती वाळलेली. "हे पाय घेऊन सायकलवर आली म्हणते?" म्हणाले आणि अंगारा लावला.

रात्री पांढरकवड्याला बहिणीकडे राहिले. परतताना पांदण जरा सुकली होती. या वेळी पुढचं चाक सरळ चाललं. मागचं दोनदा शेपटासारखं हललं, पण मी पडले नाही. धुऱ्यावर उतरावंही लागलं नाही. माती पुढच्या गाठींत भरली, पण चाक अडलं नाही. टायरमुळं, की माती सुकल्यामुळं, देव जाणे. तुम्ही जाणार असाल तर पाऊस पडल्यावर दोन दिवस थांबा, एवढंच मी छातीठोक सांगू शकते.

घरी आल्यावर यांनी दोन्ही चाकं फिरवून पाहिली. "पडली ते घाईनं. टायरचा काय दोष?"

पुढच्या टायरमधली ढेकळं अंगणात गळाली, ती गोळा करून तुळशीत टाकली. नवसाचं मनात आता काही उरलं नाही. टायरचं उरलं आहे. मागचा घ्यायचाच आहे, आणि रशीदभाई रोज विचारतात, "भाभी, पट्टीवाला मंगाऊ या सादा?"

मी म्हणते, "थांबा भाऊ, अजून एकदा पांदणीतून जाऊन येते."