तिघींचं माहेर अकोट

राजापेठेतल्या मैत्रिणींनो, आज दुपारी परदेशी उपचाराच्या एजंटकडून कुरिअरनं आलं ते असं: दोन देशांच्या दवाखान्यांची चकचकीत पुस्तकं, गणपतीचा छोटा फोटो आणि तीन फोन नंबरांची चिठ्ठी. खर्च शून्य. फुकटाची मला धास्तीच वाटते.

आमच्या ह्यांच्या डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन थायलंडला करायचं की तुर्कीला, हे एजंटला उद्या संध्याकाळी सांगायचं आहे. तो म्हणाला, "काकू, जाऊन आलेल्या पेशंटलेच विचारा ना."

देवाजवळ दिवा लावून चिठ्ठीतल्या पहिल्या नंबरावर फोन केला. बाई गोड बोलल्या, "डोळे मिटले अन् उघडले, बस. थायलंडच करा." सवयीनं मी माहेर विचारलं. माहेर सांगणारी बाई खोटं बोलत नाही, असा माझा समज. "अकोट," त्या म्हणाल्या. माझंही माहेर अकोटच. जीव हलका झाला.

दुसरा आवाज म्हातारा होता. वाक्य तेच, फक्त देश तुर्की. माहेर अकोट. "कोणाच्या घरच्या हो तुमी?" मी विचारलं, तर पुन्हा तेच, "डोळे मिटले अन् उघडले, बस."

तिसरा फोन लागला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. एक तरुण आवाज म्हणाला, "माहेर अकोट, काकू. पुढचं इचारा."

मी फोन ठेवला. हे शेजारीच बसून विचारत होते, "काय म्हणते वं? जाऊन राहिलो ना आपण?" मी म्हटलं, "फोन कटला."

तुमच्यापैकी कोणी खरंच परदेशी उपचार करून आलं असेल, तर दवाखाना कसा निवडला ते उद्या दुपारच्या आत कळवा. जमलं तर घरीच या. मला तोंड पाहून ऐकायचं आहे.