शेवटची रिकामी ओळ
फ्लॉपीचा जुना डबा उघडला की परभणीतल्या त्या कॉम्प्युटर क्लासचा वास येतो, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा आणि गालिच्याच्या धुळीचा. ताडकळसहून एसटीनं येणाऱ्या माझ्या मित्रानं प्रोग्राम लिहायचा एडिटर स्वतः बनवला होता आणि कोडसकट सगळ्यांना फुकट वाटला होता. जो सुधारणा करील त्यानं कोडच्या तळाशी आपलं नाव जोडायचं, एवढीच रीत. मीही माझा एक एडिटर काढला, पण त्याला कुणी हात लावीना. शेवटी एका दुपारी मी मित्राचाच कोड त्याच्याच एडिटरमध्ये उघडला, त्याचं नाव पुसलं, तिथं माझं टाकलं आणि सगळ्यांच्या फ्लॉप्यांवर उतरवला. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोरच तो उघडला. तळाशी कुणाचंच नाव नव्हतं. "सेव्ह करताना माझा एडिटर शेवटची ओळ खायलाय," तो शांतपणे म्हणाला. "तुला सांगायचं राहून गेलं. मी खाली एक ओळ रिकामी सोडतो, तू बी सोडत जा." आपलं नाव पुन्हा न लिहिताच तो उठला, दाराबाहेर चपला घातल्या आणि गेला. पुन्हा क्लासला आला नाही. आता हाताखालची पोरं विचारतात, सर, प्रत्येक फाइलीच्या शेवटी रिकामी ओळ कशाला? सवय, म्हणतो मी. त्या ओळीवर त्याचं नाव लिहायला अजून हात धजत नाही.