मी नसलेली गणितं

आमच्या नवव्या मजल्यावर लिफ्टसमोर थोडी मोकळी जागा आहे. जुन्या चाळीत गॅलरी होती, नव्या इमारतीत तिच्या बदल्यात ही जागा मिळाली असं लोक म्हणतात. चार दारं तिथे उघडतात. गेल्या वर्षीपासून संध्याकाळी तिथे चटई असते, भिंतीला टेकवलेला एक पांढरा बोर्ड असतो आणि मजल्यावरची, खालच्या-वरच्या मजल्यांवरची सात-आठ मुलं असतात. शिकवते माझी बायको.

सुरुवात शेजारच्या चौथीतल्या मुलीपासून झाली. तिला बेरीज, गुणाकार, भागाकार सगळं येत होतं, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की ती रडायला लागायची. पुस्तकात लिहिलं होतं, एका टाकीत इतके लिटर तेल, त्यातून इतके डबे भरले. ती विचारायची, "काकू, पण कुठली टाकी?" बायकोने टाकी पुसली आणि लिहिलं: समोरच्या काकांनी ३ लिटर सोलकढी केली. १२ पाहुण्यांना प्रत्येकी २०० मिलिलिटर दिली. काकांना स्वतःला किती उरली? मुलीने रडायचं थांबवून ते सोडवलं. सहाशे मिलिलिटर. तेवढ्यात समोरचे काका दार उघडून बाहेर आले. त्यांना ते वाचून दाखवण्यात आलं.

"वैनी, माका सहाशेच?" ते म्हणाले. "माझ्याच घरात? इतक्यान माझा काय होतला?"

सगळा मजला हसला. त्या दिवसापासून समोरचे काका गणितात राहायलाच आले.

समोरचे काका म्हणजे आमच्यासमोरच्या दारातले गृहस्थ. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, मालवणकडचे, नोकरीतून लवकर मोकळे झालेले. वेळ भरपूर आणि आवाज मोठा. मला त्यांचा राग येण्याचं काही कारण नव्हतं. आमच्यात वाटीभर साखरेची देवाणघेवाण आहे, एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडे आहेत. पण आठवड्याभरात त्यांनी गणितात कलिंगड कापलं, खिडकीला दोरी बांधली, गावाहून येताना कोकमं आणली आणि तीन भाच्यांना सारख्या मापाच्या कापडाचे सदरे शिवले. मी त्याच बाईचा नवरा. मला एकदाही एक ग्रॅम मिळाला नाही.

माझं काम शिवडीच्या एका गोदामात आहे. आलेला माल मोजायचा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायचा. ड्रम, पोती, कापडाचे तागे. लिटर, किलो आणि मीटर ही माझी रोजची माणसं आहेत. त्यामुळे या गणितांवर कोणाचा हक्क असेल तर माझा, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून मी मदत करायला गेलो.

सोलकढीच्याच रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं, की आपला स्टीलचा पेला काठोकाठ भरला तर दोनशे मिलिलिटर मावतात. काठोकाठ कोणी वाढत नाही. एकशेऐंशी धरायला हवे होते. म्हणजे काकांना सहाशे नाही, आठशेचाळीस उरतात.

"अहो," ती म्हणाली, "मुलांना लिटरचं मिलिलिटर करता आलं म्हणजे झालं. कढीची तपासणी नकोय मला."

मग एकदा सातव्या मजल्यावरच्या आजींची नऊवारी गणितात आली. ती वाळत घालायला दोरी किती लागेल, असं काहीसं होतं. एका मुलाने विचारलं, "नऊवारी म्हणजे किती मीटर?" मी घरात शर्ट बदलत होतो. तिथूनच ओरडलो, "आठ मीटर तेवीस सेंटिमीटर!" बाहेर एकदम शांत झालं. मग बायकोचा आवाज आला, "आपण आठ धरू या." आणि मुलं पुन्हा बोलायला लागली.

लिफ्टचं दार उघडलं की मी थेट त्या वर्गातच पाऊल टाकतो. बूट हातात घेऊन चटईच्या कडेने जावं लागतं. मी आलो की मुलं गप्प व्हायची आणि बायको हातातला मार्कर थांबवायची. समोरचे काका मात्र दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले असायचे. त्यांच्यासाठी कोणी थांबत नसे. उलट त्यांना विचारून आकडे लिहिले जात. "काका, कलिंगड पाच किलोचं करू की सहा?" "सहाचा करा वैनी, पाहुणे येतत!"

मी तिला सुचवून बघितलं. सरळ नाही सांगितलं, ते बरं दिसलं नसतं. म्हटलं, "मी पाण्याची बाटली नेतो ना, ती पाऊण लिटरची आहे. दिवसातून दोनदा भरतो."

"मग?"

"काही नाही. सांगून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर समोरच्या काकांची सुरमई होती. दीड किलो आणली, साफ करताना साडेतीनशे ग्रॅम गेली, उरलेली पाच घरांत सारखी वाटली. प्रत्येक घराला किती? दोनशेतीस ग्रॅम. गणित चांगलं होतं, मी ते मनातल्या मनात तपासलं. पण रविवारी सकाळी समोरच्या काकांनी खरोखरच सुरमई आणली आणि खरोखरच पाच घरांत वाटली. "वैनींनी गणितात घातल्यानी, मगे हाडूक नको?" असं म्हणत त्यांनी डबा बायकोच्या हातात दिला. गणितात लिहिलं म्हणून कोणी तसं वागतं का, असं मी पुटपुटलो. कोणी ऐकलं नाही.

मी डब्यातले तुकडे आमच्या वजनकाट्यावर ठेवले. दोनशेसाठ भरले.

"तीस ग्रॅम जास्त आहेत," मी म्हणालो.

"मोजून थोडेच दिलेत? हाताने दिलेत," बायको म्हणाली आणि हसली. ती माझ्यावर हसली नव्हती, हे मला कळत होतं. ती त्या तीस ग्रॅमवर खूश होती. ते जास्त वाईट होतं. सुरमई उत्तम होती. मी तीन तुकडे खाल्ले आणि प्रत्येक तुकड्याला माझा जळफळाट वाढला.

एका संध्याकाळी मी लवकर आलो होतो आणि जाळीच्या दाराआड चहा घेत बसलो होतो. बाहेर गणित संपलं होतं. ती चौथीतली मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या घरातले काका कधीच गणितात का नसतात?"

मी कप खाली ठेवला. मला तेच विचारायचं होतं आणि माझी हिंमत नव्हती.

बायको म्हणाली, "घातलं असतं गं. पण ते लगेच बाहेर येऊन सांगतील, मी एवढं खात नाही, एवढं चालत नाही. मग गणित सोडवायचं कोणी?"

मुलं खदखदून हसली. समोरच्या काकांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "भाऊ आधी वजनकाटो हाडतले, मगे जेवतले!"

जेवताना मी विषय काढला. "मी असं कधी म्हटलं?"

"सोलकढीच्या वेळी. साडीच्या वेळी. सुरमई तर तुम्ही तोलून बघितलीत."

"ते दुसऱ्यांच्या गणितात म्हटलं."

"मग स्वतःच्या गणितात काय कराल?"

"घालून तर बघ," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला. तिने माझ्या ताटात भात वाढला.

दुसऱ्या दिवशी गोदामात ड्रम मोजताना माझा हिशोब दोनदा चुकला. असं माझं होत नाही. मला सारखं वाटत होतं, की ती मला काय देईल? तांदूळ? बाटलीतलं पाणी? दाढीचा साबण?

संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं. मुलं गप्प झाली नाहीत. बायको थांबली नाही. ती बोर्डावर लिहीत होती आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती:

"एक काका आणि काकू रोज जेवणाआधी फिरायला जातात. जाताना ८५० मीटर चालतात. येताना दुसऱ्या रस्त्याने १ किलोमीटर १०० मीटर. आठवड्यात दोघं किती चालतात?"

"कुठले काका?" एका मुलाने विचारलं.

तिने मार्कर माझ्याकडे दाखवला. मी एका हातात पिशवी आणि एका हातात बूट घेऊन लिफ्टसमोर उभा होतो. सगळ्यांनी वळून बघितलं. समोरचे काका खुर्चीत पुढे सरकले.

माझ्या डोक्यात हरकती रांगेने उभ्या राहिल्या. आम्ही रोज फिरायला जात नाही. जेवणाआधी तर कधीच नाही, तेव्हा मी बातम्या बघतो. शेवटचे दोघं मिळून गेलो ते दादरला पडद्याचं कापड घ्यायला, आणि तेही बसने. शिवाय 'दोघं किती चालतात' म्हणजे प्रत्येकी की दोघांचं मिळून, हे स्पष्ट नाही. एकूण गणितात खरा असा एकच भाग होता, तो म्हणजे काका आणि काकू.

"भाऊ," समोरच्या काकांनी विचारलं, "बरोबर हा मां?"

बायको बोर्डाकडे तोंड करून उभी होती. मागे वळली नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ती वळली. चौथीतल्या मुलीने उत्तर काढलं, तेरा किलोमीटर साडेसहाशे मीटर, आणि मला वाचून दाखवलं. मी ते तपासलं नाही. म्हणजे तपासलं, पण बोललो नाही. घरात जाऊन पिशवी ठेवली, चपला घातल्या आणि पुन्हा दारात येऊन उभा राहिलो. वर्ग सुटेपर्यंत तसाच. समोरच्या काकांनी माझ्या पायांतल्या चपलांकडे बघितलं आणि आपली खुर्ची आत नेली.

आम्ही चिवड्याच्या दुकानांवरून गेलो. पुढच्या नाक्यावर ती थांबली आणि म्हणाली, "झाले असतील ना साडेआठशे?"

तो रस्ता मला माहीत आहे. सहाशेसुद्धा झाले नव्हते.

"झाले असतील," मी म्हणालो, आणि आम्ही दुसऱ्या रस्त्याने वळलो.

त्या आठवड्यात समोरच्या काकांना पुन्हा गणितात कलिंगड मिळालं, सहा किलोचं, आणि मला तेव्हाही वाटलं, सहा कशाला, चार पुरे होतं. पण त्याआधी, फिरून आलो त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, मी नेहमीसारखा बातम्या लावून बसलो होतो. बायको साडी बदलून दाराशी आली.

"दमलोय गं आज," मी म्हणालो.

"गणितात 'रोज' लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्हीच 'बरोबर आहे' म्हणालात."

मी टीव्ही बंद केला.