प्रसादाआधी प्रश्न विचारणाऱ्या विजयाताई

उल्हासनगरच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले, त्या दिवशी विजयाताई भोईर जिन्यात उभ्या राहून छत्रीच्या टोकाने छत ठोकत होत्या. "बाय, तिथं नको थांबू. वरचा स्लॅब पोकळ झालाय," त्या म्हणाल्या. नव्या शेजारणीचे असे स्वागत मला मुळीच आवडले नाही.

आमच्याकडे वार्षिक सभा सत्यनारायणाच्या पूजेला जोडूनच होई. प्रसाद हातात पडला की सचिव ठराव वाचत आणि आम्ही टाळ्या वाजवून मोकळे होत असू. तोंडात शिरा असताना भांडणार कोण? त्या वर्षी पूजेसाठी भेगांत लांबी भरून रंग मारला होता. विजयाताईंनी द्रोण खाली ठेवला आणि विचारले, "इमारतीची तपासणी कधी करणार?"

"ताई, आधी प्रसाद घ्या. देवासमोर वाद नको," सचिव म्हणाले.

"देवासमोर खोटं तरी कशाला?"

तपासणी झाली नाही. ताई मात्र अपशकुनी ठरल्या. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, त्यांच्या घराचा पाण्याचा व्हॉल्व्ह वरचेवर बंद राहू लागला. समोरच्या मोहिनी आंटी तेवढ्या हंडा भरून आणत. "झगडा तुम्हारा कमिटी से है, पानी से थोडी है," असे म्हणत. आम्ही बाकीचे दार लावून गप्प बसलो.

पुढच्या पावसाळ्यात जिन्यातला स्लॅब कोसळला. मोहिनी आंटी भाजी घेऊन वर येत होत्या. त्या गेल्या.

इस्पितळात सचिव मान खाली घालून उभे होते. ताई त्यांना एवढेच म्हणाल्या, "रडू नंतर. आधी माणसं बाहेर काढा." त्याच दिवशी इमारत रिकामी झाली. सचिवांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला कुठेच जागा मिळेना, तेव्हा ताईंनी त्यांना बदलापूरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत नेले. मला ते पटले नव्हते, अजूनही पटत नाही. माझा राग गेलेला नाही. ताईंनी मात्र त्या माउलीची शेवटपर्यंत सेवा केली.

पुढे उपनिबंधक कार्यालयात खेटे घालून त्यांनी समिती बदलायला लावली. आता सभा पूजेच्या दिवशी होत नाही आणि प्रश्न संपेपर्यंत चहासुद्धा येत नाही. पावसाळ्याआधी आसपासच्या सोसायट्यांचे लोक त्यांना स्लॅब ठोकून बघायला बोलावतात. गुडघे कुरकुरत असूनही त्या जातात. जुनी इमारत पाडली, नवी मात्र अजून उभी राहिलेली नाही. आमच्या जागेवर पत्रे ठोकलेत आणि आत गवत माजले आहे.

आज पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या विजयाताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्व बेघर सभासदांची मनापासून प्रार्थना आहे. घराची वाट बघता बघता आमच्यातले काही जण भाड्याच्या खोलीतूनच गेले. ताई, तुम्ही तशा जाऊ नका.